हात बसला म्हणायचं राहिलं

आप्पांच्या डाळ मिलमध्ये नवी बाई ठेवायची असली की तिला कुणी काही विचारत नसे. विचारायचं ते तिच्या शेजारी बसणाऱ्या जुन्या बाईला. नवी बाई तीन दिवस जुनीच्या शेजारी सूप घेऊन बसायची. तिने निवडलेली डाळ जुनीच्याच ढिगात पडायची. चौथ्या दिवशी सकाळी आप्पा यायचे आणि जुनीला विचारायचे, "हिचा हात बसला का?" जुनी "बसला" म्हणाली की नवी कामावर राहिली. दुसरी काही भानगड नाही.

हात बसला नसेल तर तसं म्हणायची मात्र पद्धत नव्हती. चारचौघींत एखादीच्या पोटावर कोण पाय देणार? म्हणून हात वाईट असला की जुनी बाई गप्प राहायची, मान खाली घालून सुपातले खडे वेचत बसायची. आप्पा क्षणभर थांबायचे, "बरं" म्हणायचे आणि पुढं जायचे. नवीला कळायचं. ती सूप भिंतीला टेकवून उठून जायची. भांडण नाही, रडणं नाही. ही रीत चांगली आहे असंच मला वाटायचं.

मिल आमच्या गावाच्या कडेला, परळीच्या रस्त्याला होती. माझा नवरा परळीच्या धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचता येत होतं, लिहिता येत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. म्हणजे घरात बोलायचे, चुलीपुढं बोलायचे. पण चार माणसांनी माझ्याकडे बघितलं की घसा आवळायचा. शाळेत गुरुजींनी उठवलं तर उत्तर येत असून मी उभी राहून रडायची. मिलमध्ये बायका मला "मुकी मैना" म्हणायच्या. मला त्याचा राग नव्हता. मुकीला कुणी भांडणात ओढत नाही, हा एक फायदा होता.

काम सोपं दिसायचं. तूर भरडून आली की त्यात खडे असायचे, काळे दाणे असायचे आणि गोटा असायचा. गोटा म्हणजे न फुटलेला, सालीसकट राहिलेला अख्खा दाणा. हे सगळं वेचून डाळ पिवळीधमक करायची. आम्ही चौदा-पंधरा जणी दोन रांगांत बसायचो. आमच्यावर एक मुकादमीण होती, तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. तिची जीभ तिखट, पण कुणाचं पोर आजारी असलं की तिला लवकर घरी सोडायची आणि आप्पांना कळू द्यायची नाही.

ज्या वर्षी भूकंप झाला त्या वर्षीच्या हंगामातली ही गोष्ट. आमच्याकडे फक्त फळीवरची भांडी वाजली आणि म्हशी दाव्याला हिसडे देऊ लागल्या. तिकडं लातूरकडं मात्र गावंच्या गावं दगडामातीखाली गेली. आप्पांनी दसऱ्याच्या आधीच टेम्पो भरून डाळ पाठवली. कपाळाला विभूती लावून ते स्वतः टेम्पोत पुढं बसून गेले आणि परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या घरी भांडी घासणारी बाई सांगायची. माणूस चांगला होता. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ती आली संक्रांतीनंतर, नवी तूर मिलला लागली तेव्हा. आप्पांच्या घरी भांडी घासणाऱ्या त्या बाईची ती धाकटी बहीण. भूकंपात तिचा नवरा आणि सासू गेली. सात वर्षांची एक मुलगी वाचली होती. तीन महिने दोघी पत्र्याच्या शेडमध्ये दिराच्या कुटुंबाबरोबर राहिल्या. मग बहिणीनं त्यांना आमच्या गावाला आणलं आणि मुलीला इथल्या शाळेत घातलं. बहिणीचं घर एका खोलीचं, त्यात तिची चार माणसं. बहिणीचा नवरा म्हणाला, काम मिळालं तर राहा, शेजारची खोली बघून देतो, नाहीतर मी तरी किती दिवस बघू. यात त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. म्हणजे तिचं सगळं मिलमधल्या जागेवर येऊन ठेपलं होतं. जागा मिळाली तर मायलेकी इथं राहणार होत्या. नाहीतर परत शेडमध्ये, त्या दिराच्या हाताखाली. त्या दिराविषयी ती कधी काही बोलली नाही. त्याचं नाव निघालं की पदर घट्ट ओढून घ्यायची.

तिच्या बहिणीनं आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "डाळ पाहिजे तर घेऊन जा, कधीही ने. पण मिलचं तू कसं सांगणार? तू भांड्यातली. मावशीला विचार." पोत्यानं डाळ देताना आप्पांना कुणाला विचारावं लागलं नव्हतं. पण आमच्या रांगेत कोण बसणार हे आमच्या रांगेतल्या कुणीतरीच सांगावं लागायचं. तिची बहीण त्या घरात बारा वर्षं राबत होती, तरी मिलमध्ये तिच्या शब्दाला वजन नव्हतं. आणि भूकंपानं आलेल्या बाईच्या ओळखीचं रांगेत कोण असणार?

मावशीलाही तिला घेणं पटलं नव्हतं. "सरकार घरं बांधून देणार हाय म्हणं त्यास्नी," ती म्हणाली. "ऐन हंगामात घर मिळालं की ही उठून जाईल. मंग मी कुणाला बसवू?"

"आन लई दिलंय वो त्यास्नी," दुसरी म्हणाली. "भांडी, चादरी, ताडपत्र्या. आपल्याला कोण देतंय?"

"तुजं घर पडू दी, तुला बी देतील," मावशी तिच्यावरच उलटली, आणि सगळ्या हसल्या. मावशीचं असंच असायचं. हसता हसता तिनं माझ्याकडे बघितलं. "हिच्या शेजारी बसवू. मुकी मैना काय तिला तरास देणार न्हाई."

अशी ती माझ्या शेजारी आली.

पहिल्या दिवशी सकाळी ती माझ्या आधीच येऊन बसली होती. वय माझ्याएवढंच, पंचवीस-सव्वीस. हात शेतातले, पण बोटं लांब. तिच्याकडे तिकडं बारा एकर होतं आणि दोन गडी होते, हे मला नंतर कळलं. ती सात यत्ता शिकलेली होती. आमच्यापैकी एकीलाही एवढी शाळा नव्हती. पण मिलमध्ये तिला सगळ्या भूकंपवाली म्हणायच्या. तिच्या गावाचं नाव कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आप्पांनी तूर भरडायचा रोल सुरू केला आणि फरशी थरथरायला लागली. आम्हाला त्याची सवय होती, पायाखालून मुंग्या गेल्यासारखं वाटायचं तेवढंच. ती मात्र ताडकन उठली. हातातलं सूप घेऊनच दारात जाऊन उभी राहिली. तोंड पांढरंफटक.

"आवो बाई, बसा की," एकजण म्हणाली. "जमीन न्हाई हालायली, आप्पांची मशिन हालायली."

"आप्पांच्या मशिनीला आजून येवढा जोर न्हाई," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. ती पण हसली, ओठांनी. परत येऊन बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. असं तीन-चार वेळा झालं. मावशीच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या.

तेव्हा मी एक केलं. माझी जागा दाराशी होती, उंबऱ्याला लागून. तिथं फरशी संपून माती लागायची आणि थरथर कमी जाणवायची. वारं यायचं, उजेड चांगला, म्हणून ती जागा मिळायला मला चार हंगाम लागले होते. मी काही न बोलता उठले आणि तिच्या जागी जाऊन बसले. तिला हातानं खूण केली. ती माझ्या जागी बसली. तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर मातीवर असायचा. मग ती उठली नाही.

आणि मग मी तिचा हात बघितला. तसा हात मी आधी बघितला नव्हता, नंतरही नाही. आम्ही डोळ्यानं निवडायचो. ती सूप हलकं झटकायची आणि डाळ सुपातून वरून खाली सोडायची, तिची नजर भलतीकडेच असायची. कान डाळीकडे. खडा पडला की तिला आवाजावरून कळायचं. बोट बरोबर तिथं जायचं. मी म्हटलं, "कसं कळतं वो?" ती म्हणाली, "आमच्याकडं सासूबाईची नजर गेलती. त्या अशा निवडायच्या. मी बघून बघून शिकले." मग सूप एकदा झटकून म्हणाली, "मी त्यास्नी म्हणायचे, आत्याबाई, तुमी कशाला करता, मी करते. तर म्हणायच्या, मला एवढं तरी करू दे गं."

त्या तीन दिवसांत ती माझ्याशी जेवढं बोलली तेवढं गावात कुणाशी बोलली नसेल. लाइट गेली की रोल थांबायचा आणि सगळ्या बायका बाहेर उन्हाला जायच्या. परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबून धूर सोडताना दिसायच्या आणि लाइट मात्र आमच्याकडं नसायची. बायका त्यावर रोज तोच विनोद करायच्या आणि रोज हसायच्या. ती माझ्याशेजारी बसून मुलीविषयी सांगायची. मुलगी शाळेत गप्प असते, गुरुजी म्हणतात पाढे येतात पण म्हणत नाही. मी म्हटलं, "मी बी तशीच होते." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मंग काय हरकत न्हाई. तुमच्यासारखी झाली तर बरंच हाय." मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी बरेच दिवस लावले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई दारात तूप कढवत बसल्या होत्या. माझी जाऊ, म्हणजे धाकट्या दिराची बायको, आत भाकरी करत होती. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, दिराला काम नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मिलात एक जागा हाय म्हणं."

मी म्हटलं, "तिथं ती नवी बसलीय."

"बसू दी की. आजून ठरलंय कुटं? तुलाच तर इचारनार हायत उद्या." त्यांनी पळी कढईत फिरवली आणि हनुवटीनं आत जावेकडं खूण केली. "ही काय दूरची हाय का? आपल्या घरातली हाय. आन तू काय कुनाचं वाईट बोलू नको. तुला तसं बी बोलता येत न्हाई."

एवढंच. त्यांनी धमकी दिली नाही, शपथ घातली नाही. मला काही वाईट करायला सांगितलं नाही. मी नेहमीसारखं राहायचं, एवढंच सांगितलं. आत जाऊ भाकरी थापत होती, तिनं थापायचं थांबवलं होतं. आवाज थांबला ते मला कळलं.

रात्री अंथरुणात मी ठरवलं की सकाळी "बसला" म्हणायचं. दोन अक्षरं होतात की तीन, तेही मी मोजलं. तीन. तीन अक्षरं माणसाला म्हणता येतात.

सकाळी आप्पा आले. अंघोळ, पूजा करून आलेले, कपाळावर विभूती ओली. हंगामाचा जोर होता म्हणून त्यांच्याबरोबर परळीचा एक व्यापारी होता. सगळ्या बायका माना वर करून बघत होत्या, कारण दुसरीचं काय होतंय हे सगळ्यांना बघायचं असतं. ती दाराशी बसली होती. तिनं काम थांबवलं नव्हतं, पण सूप हलत नव्हतं.

आप्पा माझ्यापुढं थांबले. "काय गं," ते म्हणाले, "हिचा हात बसला का?"

मी मान खाली घातली.

घसा आवळला, ते खरं. नेहमीसारखा आवळला.  पण त्याच वेळी माझ्या डोळ्यापुढं सासूबाई आल्या, जाऊ आली, आणि मला वाटलं, आता मी बोलले नाही तरी चालतं. नाही बोलणं माझ्या अंगवळणी आहे, कुणी मला दोष देणार नाही. एवढा सगळा विचार मी त्या एका क्षणात केला. लाजेनं गप्प बसणाऱ्या बाईला एवढा विचार करता येत नाही.

मी सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला.

आप्पा थोडे थांबले. मला वाटतं, नेहमीपेक्षा जास्त थांबले. त्यांनी तिच्याकडं बघितलं. कदाचित त्यांना ती राहावी असं वाटत असेल. पण रीत त्यांचीच होती, आणि व्यापारी बरोबर होता. "बरं," ते म्हणाले आणि पुढं गेले.

ती उठली. सूप भिंतीला टेकवलं. पदरावरचा भुसा झटकला. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "येते." दुसरं काही नाही. उंबरा ओलांडताना ती थबकली नाही.

दुपारी लाइट गेल्यावर मी मावशीजवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गेले. म्हटलं, "मावशी, तिचा हात लई चांगला होता."

मावशी तंबाखू मळत होती. तिचा हात थांबला. "मंग सकाळी कावून न्हाई बोललीस?"

मी पायानं खालचा भुसा लोटायला लागले.

"आता काय करू मी? आप्पाचं 'बरं' झालं. परत जाऊन सांगू की ह्या मुकीला दुपारी तोंड फुटलं?" मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "आन तुजी सासू आलती सकाळी. मिलाच्या मागल्या दारानं. तुज्या जावंला उद्या बसवायची हाय." तिनं तंबाखू तोंडात टाकली. "मला वाटलं, तुमी दोघीनं मिळून ठरवलंय."

मला म्हणायचं होतं, नाही, आम्ही ठरवलं नव्हतं. पण ते खोटं झालं असतं, आणि हो म्हटलं असतं तर तेही पुरतं खरं नव्हतं. मी तिथून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी माझी जाऊ दाराशी बसली, उंबऱ्याला लागून. चौथ्या दिवशी आप्पांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, "बसला." घसा आवळला होता तरी म्हटलं. बाहेर पडलं ते. बायका हसल्या. "मैना बोलली गं बाई," कुणीतरी म्हणालं. जावेचा हात बसला नव्हता. पुढं कितीतरी दिवस मी तिच्या ढिगातला गोटा जेवणाच्या सुट्टीत वेचून काढायची, आप्पांना दिसू नये म्हणून.

आठवड्याभरानं ती मला एसटीच्या थांब्यावर दिसली. मी परळीला दवाखान्यात चालले होते. ती परत चालली होती. एक गाठोडं, एक पत्र्याची पेटी आणि मुलगी. मुलीचा हात तिनं मनगटापाशी धरला होता. मला वाटलं, ती तोंड फिरवेल. त्याआधी आपणच आड झालेलं बरं, असं वाटून मी बाभळीच्या मागं जायला लागले होते. पण तिनं मला बघितलं आणि ती जवळ आली.

"तुमाला एक इचारू का?" ती म्हणाली. "खरं सांगा, मला राग न्हाई यायचा. माज्या हातात काय खोट होती?"

मी गाडी येते का ते बघायला रस्त्याकडं वळले.

"म्हंजी मला सुधारता येईल. मी लई इचार केला. मी खाली बघत न्हाई, कानावर निवडते, म्हणून खडे राहत आसतील. आमच्या घरात चालायचं ते, घरच्यापुरतं. पन इथं मोठं काम. तेच ना?"

"तसं काय न्हाई," मी म्हणाले. एवढंच आलं तोंडातून.

"तुमी चांगल्या हाव, म्हणून सांगत न्हाई," ती म्हणाली. "आप्पापुढं बी तुमी वाईट बोलला न्हाई. दुसरी आसती तर चार गोष्टी सांगितल्या आसत्या. तुमी मला तुमची जागा दिली, ती बी गेली आसंल माज्यापायी."

गाडी आली. गर्दी होती. मी तिची पेटी वर चढवून दिली. तेवढं केलं. मुलीला कंडक्टरच्या बाजूला खिडकीपाशी जागा मिळाली. तिच्या आईनं मागं बघितलं नाही, कारण ती पेटी सांभाळत होती. मुलगी बघत होती.

माझा वाईटपणा तिनं चांगुलपणा समजून घेतला आणि तोच घेऊन गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन रडले असते आणि चार दिवसांनी मोकळी झाले असते.

पुढच्या वर्षी तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं गाव सोडलं आणि ते धर्मापुरीला गेले. मला बरं वाटलं. वाटेत ती बहीण भेटेल, ही धास्ती संपली.

त्यानंतर मिलमध्ये माझ्या शेजारी जी जी बाई बसली तिचा तिचा हात बसलाच. म्हणजे मी तसं सांगायची. आप्पांनी विचारायचा अवकाश, "बसला." एकीला खडा आणि दाणा यातला फरक कळायचा नाही, तरी "बसला". मावशी चिडली. "तुजं तोंड एकदा उघडलं ते मिटायचं नावच घेत न्हाई," ती म्हणाली. "सगळ्यांचाच हात बसला तर मंग आप्पा तुला इचारतील कशाला?" आणि खरंच, आप्पांनी मला विचारणं बंद केलं. माझ्या शेजारी नवी बाई बसवत नसत. म्हणजे ज्यांच्यासाठी मी बोलत होते त्यांच्याही उपयोगी मी पडले नाही. नंतर आप्पांच्या मुलानं इंदूरहून की कुठून दाण्याचा रंग ओळखणारं मशिन आणलं आणि आमच्या रांगाच उठल्या. पण ती गोष्ट वेगळी आहे, तीत माझा काही दोष नव्हता.

तिची बहीण मला पुन्हा भेटली ती धर्मापुरीच्या जुन्या देवळात, श्रावणातल्या सोमवारी. तेव्हा मिल सोडूनही काही वर्षं झाली होती. मी बेल वाहून बाहेर आले आणि दगडी भिंतीला टेकून बसले, तर शेजारी तीच. केस पिकले होते. तिनं मला लगेच ओळखलं. जुन्या गोष्टी निघाल्या. आप्पा गेले, मावशीचे गुडघे गेले, हे झालं. मग मीच विचारलं, "धाकटी कुटं हाय?"

"लातूरला," ती म्हणाली. "तिथं पोरापोरींचं वसतिगृह हाय, तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटती. शेडजवळच्या एका बाईनं लावून दिलं. तिथं बी तसंच, कुनीतरी सांगावं लागतंय. बरं हाय तिचं. पोरगी बारावी झाली."

"बरं झालं," मी म्हटलं.

"एकच हाय," बहीण हसून म्हणाली. "डाळ न्हाई निवडत. मेसमध्ये डाळ निवडायला आली की दुसरीपुढं सरकवती. म्हणती, माजा हात बसत न्हाई डाळीला, मिलात बी बसला नव्हता. तिथली मालकीण हसती तिला. बारा एकराच्या घरातली बाई आन डाळ निवडता येत न्हाई."

मी ते ऐकलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. कसं निघालं ते माहीत नाही, देवळात माणसं होती, तरी निघालं. "बसला होता," मी म्हटलं. "लई चांगला बसला होता. तिच्यासारखा हात आमच्यात कुनाचाच नव्हता. मी बोलले न्हाई."

ती माझ्याकडं बघायला लागली. "कावून?"

मग मी सगळं सांगितलं. सासूबाई, जाऊ, तीन अक्षरं, सगळं. घाबरले होते म्हणून गप्प बसले असं सांगून सुटता आलं असतं, पण ते अर्धंच झालं असतं. मी दोन्ही सांगितलं.

 परडीत उरलेली बेलाची पानं ती एकेक करून सरळ करत होती.

"माजा नवरा तिला 'जा' म्हणाला त्या दिवशी," शेवटी ती म्हणाली. "मी तिच्या बाजूनं बोलले न्हाई. मी म्हटलं, हिलाच काम येत न्हाई तर मी तरी काय बोलू."

तिनं पानं परत परडीत ठेवली. मग मी म्हटलं, "तुमी तिला सांगा. सांगाल का? तिचा हात चांगला होता म्हणून."

"मी?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी न्हाई सांगनार. तिला वाटतंय आपलाच हात चुकला. त्याच्यावर तिनं मनाची समजूत घालून घेतलीय. आता मी जाऊन सांगू की हात न्हाई, मानसं चुकली? त्यात मी बी हाय." ती उठली, लुगडं झटकलं. "तुला सांगायचं आसंल तर तू जा. तू चुकलीस, तू सांग. लातूरला कितीक गाड्या जातात."

ती उतरून गेली. 

याला आता दोन वर्षं झाली. तिच्या वसतिगृहाचा पत्ता मी तिच्या बहिणीकडून नंतर मागून आणला, तो या वहीतच लिहून ठेवला आहे. लातूरची गाडी सकाळी साडेसातला आमच्या फाट्यावर थांबते. दोनदा मी फाट्यापर्यंत गेले. एकदा गाडी आली, दारही उघडलं, कंडक्टर म्हणाला, "चला बाई, चढा." मी नाही म्हणून मान हलवली आणि मागं सरले. गाडी गेली आणि मी घरी आले.